रोज उंच उडवलं की घोडा उंच उडतो?

इंदूरच्या आमच्या घोडेस्वारांच्या ग्रुपवर आठवड्याभरात एकच मेसेज तीनदा फिरला. म्हणणं असं: जमिनीवरचे दांडे म्हणजे पोरखेळ, रोज उंच उडवा, उडीच्या वेळी लगाम खेचून घोडा उचला, दांडा पायाला लागला की तो आपोआप शिकतो, आणि ड्रेसाजचा, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने नेमक्या चाली करण्याच्या प्रकाराचा, जंपिंगशी संबंध नाही. सोबत उंच उडीचा विक्रम करणाऱ्या हुआसो घोड्याचा फोटो.

आधी हुआसोच घेऊ. 5 फेब्रुवारी 1949 ला चिलीत कॅप्टन लार्रागिबेल यांना पाठीवर घेऊन तो 2.47 मीटर उडाला. विक्रम अजून तसाच आहे. पण ती एकाच अडथळ्यावरची उडी! आपल्याला स्पर्धेत वळणं घेत दहा-बारा अडथळे पार करायचे असतात, आणि दांडा पाडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक दांडे पडतात ते घोडा चुकीच्या जागेवरून उठला म्हणून. उंची बिचारी उगाच बदनाम.

ती जागा सापडते जमिनीवरच्या दांड्यांवरच. कँटरची, म्हणजे घोड्याच्या संथ दौडीची, एक स्ट्राइड (एक पूर्ण झेप) साधारण 3.6 मीटर, म्हणजे आपली चार मोठी पावलं. दोन दांडे एकमेकांपासून 18 मीटरवर ठेवा. दोन पावलं उतरायला, दोन उठायला सोडली की मध्ये नेमक्या चार स्ट्राइड. चारात जा, मग त्याच अंतरात पाच, परत चार. मोजायचं मोठ्याने. मी पहिल्यांदा केलं तेव्हा 'तीन'नंतर आवाजच फुटेना. घोडीने दांड्यापुढे एक चिमुकलं पाऊल घुसडलं आणि माझी हनुवटी तिच्या आयाळीत. पंधरा दिवसांनी वळणावरच तिचे कान पुढे व्हायला लागले. एकही अडथळा उंच केला नव्हता.

लगाम खेचण्याचा सल्ला तर शंभर वर्षं जुना. घोडा मान पुढे टाकून तोल सांभाळतो, ती अडवू नका, हे इटलीच्या घोडदळातल्या काप्रिल्लींनी दाखवून दिलं. ते वारले 1907 मध्ये. लगामाला गाठ मारा, हात आयाळीत घाला आणि ओळीने लावलेल्या तीन बुटक्या अडथळ्यांवरून जा. मांड कुठे सुटते ते लगेच कळतं.

मुद्दाम पायाला दांडा मारण्यावर घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचीच बंदी आहे, त्यावर आणखी काय बोलायचं? रोजच्या उंच उड्यांचं म्हणाल, तर माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगड होते. उतरतानाचा दणका पुढच्या पायांवर.

राहिलं ड्रेसाज. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं तेव्हा आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलाचे फोटो याच ग्रुपने फिरवले होते. चाराच्या पाच स्ट्राइड करायच्या तर घोडा गोळा करावा, म्हणजे त्याची झेप आखूड करावी लागते, मग लांबवावी लागते. ते ड्रेसाज नाही तर काय?

रविवारी सकाळी दांडे मी लावून ठेवतो. मोजायची टेप तेवढी आणा, माझी घोडीने तुडवली.