संस्थेच्या वेबसाइटला पन्नास हजार लागत नाहीत

छोट्या संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'संस्थेच्या वेबसाइटला कमीत कमी पन्नास हजार लागतात. कोडिंग येणारा माणूस लागतो. फुकटची साइट हॅक होते. त्यापेक्षा फेसबुक पेज पुरे.' नागपुरातल्या कार्यकर्त्यांनी तरी यावर विसंबू नये.

आधी पैशांचं. गूगल साइट्स या गूगलच्या साइट बनवायच्या सेवेवर पाच पानांची साइट फुकट होते. पैसे लागतात ते स्वतःच्या नावाच्या डोमेनला (म्हणजे साइटच्या पत्त्याला), वर्षाला साधारण हजार-पंधराशे. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा.

कोडिंग लागत नाही. खरी अडचण मराठी मजकुराची येते. बर्डीतल्या डीटीपीवाल्याकडून वार्षिक अहवाल टाइप करून आणलेला असतो, तोही बऱ्याचदा जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. तो उचलून साइटवर चिकटवला की 'संस्था'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मग कोणीतरी पानाचा फोटोच चढवून देतो. दिसायला ठीक, पण आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर तो धड वाचू शकत नाही आणि शोधणाऱ्यालाही मजकूर सहसा सापडत नाही. त्यापेक्षा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाइप करा आणि शुद्धलेखन तपासा. एका दुपारचं काम आहे.

हॅक होण्याची भीती अर्धी खरी आहे. स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून वर्ष-वर्ष अपडेट केलं नाही, तर धोका आहेच. गूगल साइट्समध्ये ती डोकेदुखी तुमच्याकडे येत नाही. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक मात्र कुठल्याच साइटवर टाकू नका. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नकोत.

आता फेसबुक. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनी तुमच्या आरोग्य स्टॉलवर आलेल्या माणसाला महिनाभराने शिबिराची माहिती हवी असते. तोवर ती पोस्ट खाली गेलेली असते आणि खातं नसलेल्याला फेसबुक लॉगिन करायला सांगतं. कंपनीचा सीएसआर (समाजकार्याला निधी देणारा) अधिकारी नोंदणी, 12ए आणि 80जी ही आयकर सवलतीची कागदपत्रं आणि ऑडिट अहवाल मागतो. ते एका पानावर नीट लावलेले हवेत. देणगीसाठी सुरुवातीला पेमेंट गेटवेही (साइटवरच पैसे घ्यायची सोय) नको. संस्थेच्या खात्याचा तपशील, यूपीआय क्यूआर आणि पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन कुठे पाठवायचा तो ईमेल एवढं पुरतं.

साइट कुणा उत्साही पोराच्या खासगी जीमेलवर काढू नका. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, डोमेन त्यावरच घ्या आणि पासवर्ड अध्यक्ष व सचिव दोघांकडे ठेवा.