‘निवेदनं देऊन काही होत नाही’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि सगळ्यात शेवटी आमच्या मामांनी. मामा आता रत्नागिरीला असतात, पण ठाण्याची काळजी सुटलेली नाही. ‘ठाणेकरांनो, जागे व्हा!’ असा मथळा आणि खाली थोडक्यात असं: लोकल आणि रस्त्यांबद्दल सरकारला निवेदनं देणं म्हणजे वेळ घालवणं, त्यातून आजवर एकही गोष्ट झालेली नाही. रेल्वे केंद्राची, तिथे आमदार-नगरसेवकांचं काय काम? मेल-एक्स्प्रेससाठी आधीच्या चार मार्गांशेजारी टाकलेली पाचवी-सहावी लाईन झाली तरी गाड्या वाढल्या नाहीत, म्हणजे पैसे खाल्ले. दारात लटकणारे स्वतःच्या मस्तीने मरतात. घोडबंदर रस्त्याचे खड्डे ही एकट्या महापालिकेची करणी. उपाय एकच, सगळ्या गाड्या पंधरा डब्यांच्या करा, आणि तोवर कुणाला मत देऊ नका.

राग खरा आहे, तो मला कुणी शिकवायला नको. मी कळव्याला राहतो. सकाळी ठाण्याच्या दिशेने गाडी येते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नसते आणि ‘पुढे चला’ म्हणणारा स्वतः मात्र हलत नाही. पण या रागाला चुकीचे पत्ते दिले की तो वाया जातो, म्हणून हा खटाटोप.

आधी ‘रेल्वे केंद्राची’ हे घेऊ, कारण बाकीची निम्मी गफलत इथून निघते. मुंबईच्या लोकलचे मोठे प्रकल्प उभारते ती मुंबई रेल्वे विकास महामंडळ ही कंपनी १९९९ साली स्थापन झाली. तिच्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९. म्हणजे जवळपास निम्मी भागीदारी मुंबईत बसलेल्या सरकारची. ऐरोली-कळवा उन्नत (पुलावरचा) रेल्वे मार्ग बघा. कल्याणकडून नवी मुंबईत कामाला जाणाऱ्याला ठाण्यात उतरून पूल चढायला लागू नये म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये तो मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. कळव्याची जोडणी मात्र रखडली, आणि तीही रूळ-सिमेंट कमी पडलं म्हणून नाही. वाटेतल्या घरांचं पुनर्वसन अडलं, म्हणून. पुनर्वसन कोण करतं? राज्याच्या यंत्रणा. आता सांगा, आमदाराचं काम कसं नाही?

याहून बोलकं उदाहरण म्हणजे दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक. ज्यांना ते रोज भोगावं लागत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. फाटक पूर्ण खाली येऊन लॉक झाल्याशिवाय मोटरमनला सिग्नल मिळत नाही. आता पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी शंभर वाहनं दांडा वर जायची वाट बघत उभी. दांडा वर गेला की दोन्ही बाजूंनी सगळे एकदम घुसतात, मधे एखादी रिक्षा रुळांवरच अडकते, गेटमन शिट्ट्या मारतो, आणि फाटक काही बंद होत नाही. तेवढ्या वेळात एका बाजूला मुंब्रा आणि दुसऱ्या बाजूला कोपरपर्यंत गाड्या खोळंबतात. डब्यातला माणूस म्हणतो, ‘सेंट्रल रेल्वे नेहमीचीच.’ खरं तर त्या वेळी गाडी रेल्वेने नाही, रस्त्याने अडवलेली असते.

फाटक घालवायचं तर उड्डाणपूल हवा. दिव्यात रेल्वेच्या हद्दीतला पुलाचा भाग उभा राहिला, पण दोन्हीकडचे पोच रस्ते महापालिकेने करायचे, आणि तिथे जागा नि बाधित घरांच्या प्रश्नात काम अडकून पडलं. अधांतरी पूल बघून लोक रेल्वेला शिव्या घालतात. आमच्या कळव्याचं खारेगाव फाटकही असंच होतं. जानेवारी २०२२ मध्ये पूल सुरू झाला आणि ती कटकट गेली. उद्घाटनाला श्रेय कुणाचं यावरून जी जुगलबंदी झाली ती वेगळीच करमणूक. पण श्रेयासाठी भांडण झालं, याचाच अर्थ काम रेल्वे आणि महापालिका दोघांचं होतं.

आता पाचवी-सहावी लाईन. ठाणे ते दिवा हा तुकडा २००८ मध्ये पाया घालून २०१५ पर्यंत व्हायचा होता, झाला १८ फेब्रुवारी २०२२ ला. सात वर्षांच्या उशिराबद्दल जितका राग येईल तितका कमीच. पण ‘गाड्या वाढल्या नाहीत’ हे साफ खोटं आहे. त्या लाईनसोबत ३६ नव्या फेऱ्या सुरू झाल्या. मग जाणवल्या का नाहीत? कारण त्यातल्या बहुतेक एसी. सेकंड क्लासचा पास एसीत चालत नाही, त्यामुळे पासवाल्याच्या लेखी ती गाडी प्लॅटफॉर्मवर येऊन गेलीच नाही. मे २०२२ मध्ये एसीचं एकेरी तिकीट जवळपास निम्म्याने स्वस्त झालं, पासाचे दर मात्र तसेच राहिले. रोज जाणारा माणूस एकेरी तिकीट काढत नाही, पास काढतो! विचारायचा प्रश्न हा आहे. ‘पैसे खाल्ले’ म्हटलं की समोरच्याला उत्तरच द्यावं लागत नाही. ‘पास का स्वस्त केला नाही’ म्हटलं की द्यावं लागतं.

शिवाय ही पाचवी-सहावी लाईन कुर्ल्यालाच संपते. पुढे सीएसएमटीपर्यंत मेल-एक्स्प्रेस आणि फास्ट लोकल एकाच रुळावर. बाटलीचा तळ रुंद केला तरी तोंड तेवढंच, पाणी काय दुप्पट वेगाने पडणार?

‘निवेदनांनी एकही गोष्ट झालेली नाही’ याचं उत्तर कळव्याजवळच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्या एसी केल्या. कळव्यात कारशेडमधून बाहेर पडणारी गाडी लोकांनी अडवली, बदलापूरलाही प्रवासी चिडले, निवेदनं गेली, लोकप्रतिनिधी उतरले, आणि त्याच महिन्यात त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. रूळ अडवणं मला पटत नाही, कारण त्यात ज्यांची गाडी चुकते तेही आपल्यासारखेच. पण मागणी किती नेमकी होती बघा: ही गाडी, या वेळेची, होती तशी द्या. टोलचंही तसंच. मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. निवडणूक तोंडावर होती हे मान्य, पण वर्षानुवर्षं कुणी मागितलंच नसतं तर निवडणुकीत तरी कुणाला आठवलं असतं?

दारात लटकणाऱ्यांबद्दल मेसेजमध्ये जे लिहिलंय ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधे, वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्या सकाळी चौघे गेले. त्यांच्यात एक लोहमार्ग पोलीस होता. मस्ती कसली हो? दार पकडून उभं राहायचं नाही तर ती गाडी सोडायची, आणि पुढचीही तशीच येणार. स्टंटबाज पोरं असतात, नाही म्हणत नाही, पण गर्दीच्या वेळी दारात असतो तो ऑफिसची बॅग पोटाशी धरलेला माणूस. या अपघातानंतर रेल्वेने साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं, आणि त्यासोबत हवा यायला दारांना झडपा, छतावर हवेची यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. नुसती दारं लावली तर आतले गुदमरतील, हे रेल्वेनेच मान्य केलं की नाही?

घोडबंदरबद्दल माझा स्वतःचा अनुभव. एका खड्ड्याबद्दल फोटोसकट अर्ज केला. दीड महिन्याने एका कार्यालयाचं उत्तर आलं: सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही. कुणाच्या येतो, ते नव्हतं लिहिलं. पुढे कळलं की तिथे मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, सेवा रस्ते महापालिकेचे, आणि मेट्रो चारच्या कामाचा पट्टा एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा). वर उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर. याच रस्त्यावरच्या गायमुख घाटाची दुरुस्ती काढली की सगळी वाहतूक तुंबते. एकट्या महापालिकेला झोडपलं की बाकीचे दोघे निवांत. महापालिका निर्दोष आहे असं नाही, सेवा रस्त्यांवर पाणी साचतं ते तिच्याच गटारांमुळे.

रस्ता कुणाचा हे विचारणं आता पैशाच्याही बाबतीत महत्त्वाचं झालंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. ती द्यायची कुणी? रस्ता ज्याचा त्याने. मालकी शोधायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. मी तसा केला, म्हणून वरचं कळलं.

पंधरा डब्यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. बाराचे पंधरा झाले की एका फेरीत पंचवीस टक्के जास्त माणसं जातात, नवीन रूळ न टाकता. मध्य रेल्वेवर या गाड्या २०१२ पासून आहेत, पण मोजक्याच, कारण त्यांना लांब प्लॅटफॉर्म लागतात. मे २०२४ च्या शेवटी ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा पाच नंबर प्लॅटफॉर्म रुंद केला, तेव्हा तीन दिवस काय हाल झाले ते आठवा. स्टेशनागणिक असंच काहीतरी करावं लागेल. ते ‘मत देऊ नका’ने होत नाही. कुठलं स्टेशन, कुठला प्लॅटफॉर्म, हे लिहून मागावं लागतं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं, मग आता कुणाला लिहितोयस?’ दिव्याच्या पोच रस्त्याबद्दल महापालिका आयुक्तांना, प्रत मध्य रेल्वेच्या मुंबई विभागीय व्यवस्थापकांना. मजकूर एक पान, मागणी एकच: बाधित घरांचं पुनर्वसन कुठवर आलं आणि पोच रस्ता कधी, तारखेसकट. रविवारी सकाळी नऊला मी दिवा स्टेशनच्या पूर्वेला सह्यांचा कागद घेऊन उभा असेन. पेन आपापलं आणा, मागच्या वेळी माझी तिन्ही गेली.