बीएमएस म्हणजे चार्जर नव्हे

‘बाद लॅपटॉप बॅटरीतले तीन सेल काढा, सिरीजमध्ये सोल्डर करा, बीएमएस लावा आणि १२ व्होल्टच्या कोणत्याही अडॅप्टरवर चार्ज करा. टॉर्चचा पॅक तयार!’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे. (बीएमएस म्हणजे सेलवर नजर ठेवून धोक्याच्या वेळी जोडणी तोडणारा छोटा सुरक्षा बोर्ड.) पॅक स्वतः बनवायला माझा अजिबात विरोध नाही, पण या कृतीने बनवू नका.

‘जुने सेल चालतात.’ हे अर्धं खरं आहे. लॅपटॉपची बॅटरी पुष्कळदा एखादी जोडी कमजोर झाल्याने बाद होते, बाकीचे सेल चांगले निघू शकतात. मात्र जो सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून होता, त्याच्या आतलं तांबं विरघळू लागलेलं असतं आणि पुन्हा चार्ज केल्यावर आतून शॉर्ट होण्याचा धोका राहतो. नंतर मीटरवर ४ व्होल्ट दिसले तरी तो सेल बादच. उरलेले पूर्ण चार्ज करून दोन-तीन आठवडे ठेवा. ज्याचं व्होल्टेज इतरांपेक्षा जास्त उतरेल तोही काढून टाका.

‘सोल्डर करा.’ नको. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या सीलपर्यंत आणि आतल्या पडद्यापर्यंत पोचते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात. ते यंत्र नसेल तर सरळ सेल होल्डर वापरा. लॅपटॉप बॅटरीतल्या या गोल, लांबट १८६५० सेलचं धन टोक एकदा नीट निरखून पाहा. मधलं बटण तेवढं धन. त्याच्याभोवतीची कड आणि खालचा अख्खा डबा ऋण. पट्टी त्या कडेवरूनच जाते आणि खाली असतं फक्त पातळ वेष्टन. ते फाटलं की थेट शॉर्ट. म्हणून तिथे इन्सुलेशनची चकती हवीच.

‘बीएमएस आहे, मग कोणताही अडॅप्टर चालेल.’ मला सगळ्यात धोकादायक वाटतं ते हे वाक्य. लिथियम-आयन सेल आधी ठरावीक करंटवर चार्ज होतो; ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट सुरुवातीच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला की थांबायचं. हे काम चार्जरचं. तीन सेलच्या सिरीजला १२.६ व्होल्टचा असा चार्जर लागतो. साधा अडॅप्टर रिकाम्या पॅकला लावला तर करंट आवरायला कोणी नसतं. त्याचं व्होल्टेज जास्त असेल तर सेल ४.२ च्या वर चढत जातो आणि बीएमएस साधारण ४.२५ च्या पुढे कुठेतरी तोडतं. ती शेवटची सुरक्षा आहे, रोजचा स्विच नव्हे. तिच्यातला मॉस्फेट (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होऊन गेला तर पुढे अडवणारं काहीच उरत नाही. शिवाय बऱ्याच स्वस्त बोर्डांवर बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरण्याची सोय) नसतं, त्यामुळे कमी क्षमतेचा सेल दर वेळी आधी भरतो, आधी रिकामा होतो आणि आणखी खराब होत जातो.

‘मग प्रत्येक सेलला टीपी४०५६ लावा’, असंही कोणी सुचवतं. टीपी४०५६ म्हणजे एकच सेल चार्ज करणारं छोटं मॉड्यूल. एकाच सप्लायवरून सिरीजमधल्या सेलना तसं जोडलं तर मॉड्यूलच्या सामाईक ऋण तारेतून सेल शॉर्ट होतात.

मुळात बहुतेक टॉर्चना सिरीज लागतच नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. एलईडीला करंट पुरवणारा ड्रायव्हर एका सेलचा असेल तर सेल पॅरलल जोडा. बॅलन्सिंगचा प्रश्नच येत नाही आणि टीपी४०५६ तिथे अगदी योग्य आहे. फक्त जोडण्याआधी सगळे सेल पूर्ण चार्ज करून त्यांचं व्होल्टेज मीटरवर जुळवून घ्या, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात एकदम मोठा करंट ओततो.