पान झानलेचे दुसरे पन्नास मीटर

३१ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत मारली आणि त्याच रात्री दोन तट पडले. एक म्हणतो चमत्कार, दुसरा म्हणतो काहीतरी गडबड आहे. दोन्हीकडच्या बहुतेकांनी स्प्लिट, म्हणजे प्रत्येक पन्नास मीटरची वेगळी वेळ, बघितलेच नाहीत. पोहणारा कसा पोहला ते एकूण वेळेत दिसत नाही. पन्नासला भिंतीवर पाय लागले तेव्हा घड्याळ किती होतं आणि उरलेल्या पन्नासला किती लागले, खरी शर्यत तिथे कळते.

तर आकडे बघू. २००९ मध्ये रोमला ब्राझीलच्या सेझार सिएलोने ४६.९१ चा विश्वविक्रम केला. पहिले पन्नास २२.१७, दुसरे २४.७४. तो पॉलियुरेथेनच्या सूटचा काळ होता. तो सूट माणसाला पाण्यात वर तरंगवायचा, दमल्यावर कंबर बुडते ती बुडू द्यायचा नाही. २०१० पासून त्यावर बंदी आली आणि पुढची बारा वर्षं तो विक्रम जागचा हलला नाही. २०२२ मध्ये पुन्हा रोमलाच रुमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने ४६.८६ केले, पण अगदी उलट्या पद्धतीने: २२.७४ आणि २४.१२. सुरुवातीला शांत, शेवटी सगळ्यांना गिळणारा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाला रिलेच्या पहिल्या लेगमध्ये, म्हणजे चौघांतल्या पहिल्याच्या टप्प्यात, पानने ४६.८० काढले. स्प्लिट होते २२.२६ आणि २४.५४. साडेपाच महिन्यांनी पॅरिसला २२.२८ आणि २४.१२.

म्हणजे पहिले पन्नास मीटर दोहापेक्षा पॅरिसला शतांश दोनने हळूच होते. जे काही कमावलं ते सगळं वळणानंतर, आणि तिथला आकडा पोपोविचीच्या आकड्याशी शतांशापर्यंत जुळतो. सिएलोच्या जवळपास जाणारी पहिली बाजू आणि पोपोविचीची दुसरी बाजू एकाच शर्यतीत जुळवणारा पहिला माणूस पान. त्याचं मोठेपण मला इथे दिसतं, नुसत्या ४६.४० मध्ये नाही.

हे दोन अर्धे सहसा एकत्र का येत नाहीत? २२.३ च्या आत वळायचं तर पाय पहिल्यापासून पूर्ण जोरात लागतात. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते ऑक्सिजन खातातही तेवढाच. साठ-पासष्ट मीटरला त्याचं बिल येतं. आधी किक मरते. किक मेली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की समोरून पाणी जास्त अडतं. मग हात घाईने फिरतात, कोपर पडतं, तळहात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो. स्ट्रोकची संख्या वाढते आणि वेग कमी होतो. शंभरच्या बहुतेक शर्यती याच साखळीत हरल्या जातात.

पॅरिसच्या फायनलचा शेवटचा पंधरा मीटरचा तुकडा थांबवत थांबवत बघा. डोकं हलत नाही. हात पाण्यात शिरल्यावर कोपर वरच राहतं, मनगट आणि कोपर यांच्यामधला भाग उभा होतो आणि मग ओढ सुरू होते. पायांचा फेस शेवटपर्यंत तुटत नाही. बाकीच्या लेनमधल्या पाठी डोलायला लागलेल्या असतात, याची रेषा सरळ असते. दुसऱ्या क्रमांकाच्या ऑस्ट्रेलियाच्या काइल चाल्मर्सला ४७.४८ लागले, तिसऱ्या पोपोविचीला ४७.४९. एक सेकंद आणि आठ शतांश म्हणजे त्या वेगाने जवळजवळ सव्वादोन मीटर. शंभरच्या ऑलिंपिक फायनलमध्ये एवढं पाणी मोकळं दिसत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. पॅरिसचा तलाव उथळ होता, साधारण २.१५ मीटर, तर अशा स्पर्धांसाठी अडीच-तीन मीटर खोली चांगली मानतात. उथळ तलावात तळावर आपटून आलेलं पाणी पुन्हा पोहणाऱ्यालाच नडतं. पहिले काही दिवस विश्वविक्रमच होत नव्हते आणि सगळे तलावाला दोष देत होते. त्या तलावातला पहिला विश्वविक्रम पानचा.

मग ४ ऑगस्टची ४×१०० मेडली रिले, म्हणजे चौघांनी चार वेगवेगळ्या प्रकारांत पोहायची शर्यत. त्या दिवशी त्याला वीस वर्षं पूर्ण झाली. १९६० पासून अमेरिका ही शर्यत जिंकत आली होती, फक्त १९८० चा बहिष्कार सोडून. पान शेवटच्या, फ्रीस्टाइलच्या लेगला उतरला, ४५.९२ मध्ये भिंत गाठली आणि ती मालिका तुटली. रिलेमध्ये ४६ च्या आत कुणीच पोहलं नव्हतं, २००८ ला बीजिंगमध्ये जेसन लेझाकने ४६.०६ केले होते. पण ४५.९२ ला ४६.४० पेक्षा मोठं समजू नका. वैयक्तिक शर्यतीत बझर ऐकून पाय ब्लॉक सोडेपर्यंत सहा-सात दशांश जातात. रिलेत समोरचा येताना दिसतो, शरीर आधीच झुकलेलं असतं, म्हणून साधारण अर्धा सेकंद वाचतो. तो ४५.९२ मध्ये मिळवला तर दोन्ही पोहणी जवळपास सारखीच. पण आठवडाभर शर्यती करून शेवटच्या दिवशीही तेच पोहणं जसंच्या तसं काढलं, आणि याला मी जास्त मानतो.

हा मुलगा आकाशातून पडला नाही. वेन्झोऊचा, २००४ चा जन्म. मे २०२३ ला ४७.२२, त्या वर्षीच्या फुकुओका जागतिक स्पर्धेत चौथा, सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ४६.९७ आणि ४७ च्या आत येणारा पहिला आशियाई. तिथेच २०० मीटरमध्ये रौप्य आणि ५० मध्ये कांस्य. हे नीट बघा: पन्नासचा तो राजा नाही. त्याची ताकद दोनशेकडून येते. दुसऱ्या पन्नासच्या २४.१२ चं मूळ तिथे आहे.

त्याच्याआधी चीनचाच निंग झेताओ होता. २०१४ ला इंचिऑनमध्ये ४७.७०, २०१५ ला कझानमध्ये ४७.८४ आणि शंभरचं जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला आशियाई पुरुष. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो फायनललाही पोहोचला नाही, २०१७ ला राष्ट्रीय संघातून बाहेर गेला, २०१९ ला सव्विसाव्या वाढदिवशी निवृत्त झाला. आशियाई शरीराला स्प्रिंट झेपत नाही हे वाक्य त्याने कझानला मोडलं होतं. आपल्या कोल्हापूरच्या विरधवल खाडेचं ५० मीटरचं कांस्य २०१८ च्या एशियन गेम्समध्ये एका शतांशाने हुकलं, २२.४७ विरुद्ध २२.४६. एक शतांश म्हणजे शेवटचा स्ट्रोक लांबवून बोटं ताणली की नाही, एवढाच.

आता संशयाबद्दल. चीनच्या पोहण्याचा इतिहास स्वच्छ नाही. १९९४ च्या हिरोशिमा एशियन गेम्समध्ये उत्तेजकांच्या चाचणीत सापडलेले जलतरणपटू खरे आहेत. निंगवरही २०११ मध्ये क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधामुळे एक वर्षाची बंदी होती. २०२१ च्या ट्रायमेटाझिडिन या बंदी असलेल्या हृदयाच्या औषधाच्या प्रकरणात २३ चिनी जलतरणपटूंची नावं होती, पॅरिसच्या त्या रिले संघातली दोन नावंही त्यात होती. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते आलं हे स्पष्टीकरण वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, मान्य केलं आणि अनेकांना ते आजही पटत नाही. प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्या यादीत पानचं नाव नव्हतं, आणि मे ते जुलै २०२४ मध्ये आपली २१ वेळा चाचणी झाली असं त्यानेच सांगितलं. इतरांच्या यादीवरून त्याच्या माथी डाग लावणं मला अन्याय वाटतो. ४७.२२, ४६.९७, ४६.८०, ४६.४० ही चढण सव्वा वर्षाची आहे आणि वय अठरा ते जवळजवळ वीस. याच वयात मुलांच्या वेळा अशा खाली येतात. पोपोविचीने विक्रम केला तेव्हा तो सतराचा होता.

आणि ही वेळ धरून ठेवता येतेच असं नाही. २०२५ ला सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत पान फायनलमध्येही आला नाही. सोनं पोपोविचीने ४६.५१ मध्ये नेलं. पॅरिसलाही प्राथमिक फेरीत पान ४८.४० सह तेरावा होता हे विसरू नये. शंभरच्या उपांत्य फेरीतून आठच जण पुढे जातात, आणि हीटमध्ये राखून पोहण्याची सवय असलेल्याला तिथे दोन-तीन दशांश महाग पडतात.

पुढच्या वेळी तो उतरला की पन्नासच्या वळणावर दोन गोष्टी बघा. घड्याळात २२.३ आहे की २२.६. आणि वळणानंतर तो पहिल्याच स्ट्रोकला श्वास घेतो की दोन स्ट्रोक थांबतो. भिंतीतून बाहेर पडताना आपलीच मागून आलेली लाट डोक्यावर येते. तेव्हा मान फिरवली की खांदा उघडतो, पाय सैल होतात, आणि २४.१२ चे २४.६ तिथेच व्हायला लागतात.