मन म्हणजे माळा नव्हे

'मनःशांतीची पाच सूत्रं' नावाचा एक निरोप सध्या फोनाफोनी फिरतोय. मला तो आठवड्यात तीनदा आला, आणि तिन्ही वेळा रात्री एकनंतर. पाठवणाऱ्यांची झोप कशी चाललीय ते त्यावरून कळलंच. सूत्रं थोडक्यात अशी : नकारात्मक विचार मनात येऊच देऊ नका, २१ दिवस हे पाळलं की मन कायमचं शांत, राग आला तर उशी बडवून बाहेर काढा, शांती आतच असते, परिस्थितीशी तिचा संबंध नाही, आणि अस्वस्थ वाटलं की खोल श्वास घ्या.

पहिल्या सूत्रातच खरी गोम आहे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्यानंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तर मुळात कधीच न अडवलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. कारण सरळ आहे : एखादा विचार आला तर नाही ना, हे बघायला मनाला तोच विचार हाताशी धरून दारात उभं राहावं लागतं. मी हे इमानेइतबारे करून पाहिलंय. उद्याच्या बैठकीचा विचार करायचा नाही असं ठरवून आडवा झालो की बैठकीतल्या खुर्च्यासुद्धा डोळ्यांसमोर मांडल्या जातात.

मग करायचं काय? मन म्हणजे माळा नव्हे, अडगळ फेकली की मोकळा झाला असा. त्यात जे घोळतं ते बहुतेक वेळा अर्धवट राहिलेलं काम असतं, आणि कामाला ठिकाण दिलं की ते गप्प बसतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढची राहिलेली. राहिलेली कामं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. चिंता कागदावर उतरवली तर ती वाढेल, अशी माझीही समजूत होती. झालं उलटंच.

२१ दिवसांचं गणित कुठून आलं? मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. पुढे 'निदान' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी मन आलं. लंडनमधल्या एका अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशी मन खवळलेलंच असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

उशी बडवण्याबद्दल फार लिहायला नको. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा चेहरा आठवत ठोशांची पिशवी बडवणारे सगळ्यात जास्त चिडलेले राहिले. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. राग वाफेसारखा कोंडलेला नसतो. तो सरावाने पक्का होतो.

चौथं सूत्र वाचून मात्र माझंच डोकं तापलं. परिस्थितीशी संबंध नाही? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर घेतली. माणसं तीच, पण आधीचे गुण कमी आले. पैशाचा घोर विचारशक्तीचा मोठा हिस्सा खाऊन बसतो. अशा माणसाला 'शांती तुझ्या आतच आहे' सांगणं म्हणजे घर गळत असताना छत्री मनात उघड म्हणण्यासारखं आहे. कर्जाचा हप्ता, आजारपण, रोज पाणउतारा करणारा साहेब, यांमुळे मन अस्वस्थ होतं, आणि ती अस्वस्थता बऱ्याचदा खरं बोलत असते. ती घालवायला कधी कधी सावकाराशी मुदतीचं बोलावं लागतं, कधी डॉक्टरकडे जावं लागतं, कधी नोकरी शोधावी लागते. डोळे मिटून हे होत नाही. आणि महिनाभर झोप उडाली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर निरोप वाचत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

उरला श्वास. हे सूत्र मला मान्य आहे, फक्त 'खोल' हा शब्द खोडून 'सावकाश' लिहा. भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं : चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं. रांगेत उभं राहूनही जमतं, शेजारच्याला कळतसुद्धा नाही.