मार्क्कू कानेर्वांना ‘नशीबवान मास्तर’ म्हणणाऱ्यांसाठी

युरोपीय फुटबॉल पाहणाऱ्या मंडळींमध्ये फिनलंडविषयी एक मत गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा फिरतं. त्याचा सारांश असा: युरो २०२० ला (युरोपीय देशांची ही स्पर्धा करोनामुळे २०२१ मध्ये झाली) फिनलंड पोहोचला तो आघाडीवीर तेमू पुक्कीच्या गोलांवर आणि २४ संघांच्या मोठ्या पंगतीमुळे. प्रशिक्षक मार्क्कू कानेर्वा हे मुळात प्राथमिक शाळेतले मास्तर, योग्य वेळी योग्य खुर्चीवर बसलेले. डेन्मार्कवरचा विजय त्यांना डॅनिश खेळाडू एरिक्सन मैदानात कोसळल्यामुळे मिळाला, आणि २०२४ मध्ये वेल्सने चार गोल मारल्यावर त्यांचं पितळ उघडं पडलं.

या मताचा एकेक तुकडा ऐकायला खरा वाटतो, म्हणूनच तो टिकून आहे. मला मात्र ते मनापासून खटकतं. एका माणसाने पंधराहून अधिक वर्षं एका देशाच्या फुटबॉलला दिली आणि त्याच्या वाट्याला ‘नशीबवान’ हे विशेषण आलं, हा अन्याय आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळं पुक्कीने केलं’

पुक्कीचं श्रेय कुणी नाकारत नाही. युरो २०२० च्या पात्रता फेरीत फिनलंडने १० सामन्यांत १६ गोल केले, त्यातले १० त्याचे. २०१८-१९ च्या मोसमात नॉरिच या क्लबकडून २९ गोल करून तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. तो भरात होता, यात वाद नाही.

पण त्याच तक्त्याचा दुसरा रकाना कुणी वाचत नाही. गटात इटली, बोस्निया, ग्रीस, आर्मेनिया आणि लिख्टेनश्टाइन होते. फिनलंडने सहा सामने जिंकले आणि चार हरला. बोस्नियावर २-०, आर्मेनियावर परक्या मैदानात २-० आणि घरी ३-०, लिख्टेनश्टाइनवर २-० आणि ३-०, ग्रीसवर १-०. या सहाही विजयांत फिनलंडने एकही गोल खाल्लेला नाही. खाल्ले ते सगळे दहा गोल चार पराभवांत. म्हणजे समोरच्याने एक गोल केला की फिनलंड हरायचा. जिंकायचं तर मागचं दार घट्ट बंद ठेवूनच. अशा संघाला आघाडीवीराचा संघ कसं म्हणणार? आर्मेनियातल्या, येरेवानमधल्या विजयात तर पुक्कीचा गोलही नव्हता. फ्रेड्रिक येन्सेन आणि प्यूरू सोइरी यांनी गोल केले.

त्याच्या आदल्या वर्षी नेशन्स लीगमध्येही (युरोपीय देशांची दुसरी स्पर्धा) हेच घडलं. हंगेरीवर १-०, एस्टोनियावर १-० दोनदा, ग्रीसवर २-०. पहिले चारही सामने जिंकले, एकही गोल न खाता. तिन्ही १-० मधला गोल पुक्कीचा, हे खरं. पण एका गोलवर सामना जिंकायचा असेल तर उरलेल्या दहा जणांनी काय केलं असेल, हे फुटबॉल खेळलेल्याला सांगावं लागत नाही.

आणि एका मोठ्या खेळाडूच्या जोरावर फिनलंड स्पर्धेला जाऊ शकत असता, तर तो वीस वर्षं आधीच गेला असता. यारी लिटमानेन १९९५ मध्ये अयाक्सकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला. सामी ह्यूपिया २००५ मध्ये लिव्हरपूलकडून तीच जिंकलेला. गोलमध्ये युस्सी यास्केलाइनेन. त्या पिढीकडे नावं होती, पण तिकीट कधीच मिळालं नाही. पुक्कीचंच बघा. राष्ट्रीय संघात तो २००९ पासून होता. २०१६ मध्ये प्रशिक्षक हान्स बाके यांच्या हाताखाली फिनलंड वर्षभरात एकही सामना जिंकला नाही, तेव्हाही पुक्की संघात होताच. मधल्या काळात बदललं काय, तर बाकावर बसलेला माणूस, म्हणजे प्रशिक्षक.

‘स्पर्धाच मोठी केली, म्हणून घुसले’

यात अर्धं तथ्य आहे. २०१२ च्या युरोमध्ये १६ संघ होते आणि बहुतेक गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाला प्लेऑफ (उरलेल्या जागांसाठीचे निर्णायक सामने) खेळावा लागला. त्या पद्धतीत फिनलंडला थेट प्रवेश मिळाला नसता, प्लेऑफ खेळावा लागला असता. एवढं मान्य.

पण २४ संघ २०१६ च्या युरोलाही होते. त्या वेळी गटात नॉर्दर्न आयर्लंड, रोमानिया, हंगेरी, फेरो आयलंड्स आणि ग्रीस असे संघ होते. अवाढव्य कुणीच नव्हतं. फिनलंड चौथा आला. दार तेवढंच उघडं होतं, तरी आत जाता आलं नाही.

त्या मोहिमेतली एक गोष्ट हे मत पसरवणाऱ्यांना बहुधा ठाऊकच नाही. पहिल्या सहा सामन्यांत फिनलंडचे गुण होते चार. जून २०१५ मध्ये प्रशिक्षक मिक्सू पाटेलाइनेन यांना काढलं आणि उरलेल्या चार सामन्यांसाठी त्यांच्या सहायकाला हंगामी म्हणून नेमलं. ग्रीसमध्ये जाऊन १-० विजय, फेरोवर १-०, रोमानियात १-१, नॉर्दर्न आयर्लंडशी १-१. चार सामने, आठ गुण, एकही पराभव नाही. हे हंगामी प्रशिक्षक म्हणजे कानेर्वा. फेडरेशनने पुढची जबाबदारी मात्र बाके यांना दिली, आणि २०१६ साल कसं गेलं ते वर आलंच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये शेवटी कानेर्वांना कायमची नेमणूक मिळाली. आधी डावलला गेलेला हा माणूस ‘योग्य वेळी खुर्चीवर बसला’ असं म्हणणं मला तरी जमत नाही.

याच मुद्द्याला चिकटून आणखी एक चूक येते, की फिनलंड नेशन्स लीगच्या मागच्या दाराने आला. साफ चूक. नेशन्स लीगमधला गट जिंकल्यामुळे तो रस्ता राखीव होता, पण फिनलंडला त्याची गरजच पडली नाही. प्लेऑफमधून आले ते स्कॉटलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि नॉर्थ मॅसिडोनिया. फिनलंड गटात इटलीच्या मागे दुसरा आला. जेको-प्यानिचच्या बोस्नियाला आणि एकेकाळच्या युरोविजेत्या ग्रीसला मागे टाकून.

त्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत कळायला थोडं मागे जावं लागतं. फिनलंडची फुटबॉल संघटना १९०७ ची. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ते १९३८ च्या स्पर्धेपासून उतरत आलेले. (महिला संघाने २००५ च्या युरोमध्ये उपांत्य फेरी गाठली होती, हेही विसरू नये, तिष्ठत होता तो पुरुष संघ.) ११ ऑक्टोबर १९९७ ला हेलसिंकीत हंगेरीविरुद्ध जिंकले असते तर विश्वचषकाचा प्लेऑफ मिळणार होता. १-० आघाडी होती, भरपाईची मिनिटं चालू होती. हंगेरीला कॉर्नर मिळाला, गोलसमोर झुंबड उडाली, चेंडू बाहेर काढायला सहकाऱ्याने मारलेला फटका गोलरक्षक तेउवो मोइलानेन यांच्या अंगावर आपटला आणि आत गेला. हंगेरी प्लेऑफला गेली आणि तिथे युगोस्लाव्हियाकडून दोन सामन्यांत मिळून बारा गोल खाऊन परतली. फिनलंडमधल्या फुटबॉलप्रेमींच्या दोन पिढ्या ही जखम घेऊन वावरल्या. १५ नोव्हेंबर २०१९ ला लिख्टेनश्टाइनला ३-० हरवल्यावर हेलसिंकीच्या त्या छोट्या स्टेडियममध्ये प्रेक्षक मैदानात का धावले, ते यावरून समजेल.

‘शेवटी मास्तरच तो’

कानेर्वा प्रशिक्षित शिक्षक आहेत आणि त्यांनी वर्गात शिकवलंही आहे. फिनलंडमध्ये प्राथमिक शिक्षक व्हायला पदव्युत्तर शिक्षण लागतं. त्या व्यवसायाला तिथे मोठा मान आहे. त्यामुळे हा शब्द हिणवायला वापरणाऱ्यांनी निदान तो कोणत्या देशात वापरतोय ते पाहावं.

पण ‘फक्त मास्तर’ हेही खोटं आहे. बचावपटू म्हणून कानेर्वा फिनलंडकडून ५९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. हेलसिंकीच्या एचजेके क्लबकडून खेळले, स्वीडनच्या एल्फ्सबोर्गकडूनही. त्यानंतर २१ वर्षांखालील राष्ट्रीय संघ हाती घेतला आणि तो २००९ च्या युरोपीय स्पर्धेला नेला, ऑस्ट्रियाविरुद्धचा प्लेऑफ पेनल्टी शूटआउटवर जिंकून. स्वीडनमधल्या त्या स्पर्धेत इंग्लंड, जर्मनी आणि स्पेन असा गट आला आणि तिन्ही सामने गेले. फिनलंडचा एकमेव गोल इंग्लंडविरुद्ध, पेनल्टीवर, टिम स्पार्वचा. हाच स्पार्व बारा वर्षांनी युरो २०२० च्या संघाचा कर्णधार होता. विशीतल्या पोरांना घडवून, मग मुख्य संघात सहायक म्हणून त्यांच्यासोबत राहून, शेवटी त्यांनाच घेऊन मोठ्या स्पर्धेला जायचं, हे नशिबाने होत नाही. मला तर यात वर्गातला शिक्षकच दिसतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय.

‘डेन्मार्कला हरवलं ते एरिक्सनमुळे’

हा मुद्दा हळुवारपणे घ्यायला हवा. १२ जून २०२१, कोपनहेगन. आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झालेला सामना. पहिला अर्ध संपत आला असताना क्रिस्टियन एरिक्सन कोसळला, मैदानातच त्याच्यावर उपचार झाले, सहकारी त्याच्याभोवती पाठ करून उभे राहिले. तो शुद्धीवर असल्याचं कळल्यानंतर आपल्या मध्यरात्रीच्या सुमारास सामना पुन्हा सुरू झाला. साठाव्या मिनिटाच्या सुमारास फिनलंडच्या येरे उरोनेनने डावीकडून चेंडू टाकला, योएल पोह्यानपालोने हेडर मारला, डॅनिश गोलरक्षक कास्पर श्मायकेलच्या हातांना लागून तो आत गेला. पोह्यानपालोने जल्लोष केला नाही. ७४ व्या मिनिटाला फिनलंडचा गोलरक्षक लुकास ह्राडेकीने डेन्मार्कच्या होय्बियर्गची पेनल्टी अडवली. १-०.

डॅनिश खेळाडू त्या रात्री खेळण्याच्या मनःस्थितीत नव्हते, हे शंभर टक्के खरं. त्यांच्यासमोर पर्याय दोनच ठेवले गेले, त्याच रात्री खेळा किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी. हे चुकीचं होतं, असं मलाही वाटतं. पण तो निर्णय फिनलंडचा नव्हता. डोळ्यांसमोर माणूस कोसळलेला त्यांनीही पाहिला होता. सामना थांबलेला असताना फिनिश प्रेक्षक ‘क्रिस्टियन’ अशी हाक देत होते आणि डॅनिश प्रेक्षक ‘एरिक्सन’ म्हणून ती पुरी करत होते. त्या रात्रीचा विजय कुणी मिरवत नाही, कानेर्वांचा मोठेपणा मोजायला मीही तो वापरणार नाही.

वापरायचेच तर पुढचे दोन सामने वापरा. रशियाविरुद्ध सुरुवातीलाच पोह्यानपालोचा गोल ऑफसाइड ठरला आणि पहिल्या अर्धाच्या अखेरीस मिरानचुकच्या गोलवर सामना ०-१ गेला. बेल्जियम तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिला. त्यांना ७४ व्या मिनिटापर्यंत शून्यावर रोखलं. मग कॉर्नरवरचा हेडर खांबाला लागून ह्राडेकीच्या हातावर आला आणि आत गेला. पुढे लुकाकूने दुसरा केला. तीन सामन्यांत तीन गोल खाल्ले. पदार्पणाच्या स्पर्धेत छोट्या देशाने याहून काय करायचं असतं?

त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये याच संघाने पॅरिसजवळ विश्वविजेत्या फ्रान्सला २-० हरवलं. सामना मैत्रीपूर्ण होता आणि फ्रान्सचे सगळे पहिल्या पसंतीचे खेळाडू नव्हते, हे सांगायलाच हवं. तरी जिंकायचा होता तो सामना, आणि तो जिंकला.

‘वेल्सने पितळ उघडं पाडलं’

२०२२ च्या विश्वचषकासाठी फिनलंडच्या गटात फ्रान्स, युक्रेन, बोस्निया आणि कझाकस्तान होते. बोस्नियात जाऊन, पहिल्या अर्धात लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी, ३-१ जिंकले. शेवटी युक्रेनचे १२ गुण आणि फिनलंडचे ११. प्लेऑफ एका गुणाने हुकला.

युरो २०२४ च्या पात्रता फेरीत पुन्हा सहा विजय, चार पराभव, १८ गुण. अगदी २०१९ इतकेच. या वेळी डेन्मार्क आणि स्लोव्हेनिया दोघेही २२ वर गेले आणि फिनलंड तिसरा आला. मग मार्च २०२४ मध्ये कार्डिफला प्लेऑफमध्ये वेल्सकडून १-४. त्यानंतर नेशन्स लीगमध्ये इंग्लंड, ग्रीस आणि आयर्लंडविरुद्ध सहाच्या सहा सामने गेले आणि नोव्हेंबरमध्ये कानेर्वांचा आठ वर्षांचा कार्यकाळ संपला.

हे पराभव मी लपवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरच्या मैदानावर कझाकस्तानविरुद्ध १-० पुढे असताना १-२ हरले. स्वतः बचावपटू असलेल्या प्रशिक्षकाच्या संघाला हे शोभणारं नव्हतं. कानेर्वांवर टीका करायचीच असेल तर ती इथे करा: जुनी फळी वयस्कर होत असताना तिच्या जागी नवी उभी करायला त्यांनी उशीर केला. कार्डिफमध्ये गोल कुणी केला? पुन्हा पुक्कीनेच, चौतिशीच्या उंबरठ्यावर. ही टीका मी मान्य करतो, तिच्यावर वाद घालायलाही तयार आहे. फक्त ती निष्ठेच्या अतिरेकावरची टीका आहे, आणि नशिबावर जगलेल्या माणसावर ती करता येत नाही.