कंबरदुखीचा तो संदेश आणि वस्तुस्थिती

‘कंबर तीन महिन्यांहून अधिक दुखत असेल तर गादी सरकलेली असणारच, पूर्ण विश्रांती घ्या, पट्टा सोडू नका, दुखले की गोळी घ्या, आणि डॉक्टरांनी फिटची किंवा नैराश्याची गोळी लिहून दिली तर ती फसवणूक समजा,’ असा संदेश सध्या मिरज-तासगाव भागात व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे आणि तो खरा मानून आलेले रुग्ण मला रोज भेटतात, म्हणून हे उत्तर.

ज्यांची कंबर दुखत नाही अशा चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी जवळपास निम्म्यांच्या अहवालात गादी फुगलेली दिसते. केस पिकावेत तसा तो वयाचा बदल आहे. मात्र पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप येऊ लागला किंवा वजन विनाकारण घटले, तर तपासणी लांबवू नये.

सर्वांत जास्त नुकसान विश्रांती आणि पट्टा यांच्या सल्ल्याने होते. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या एक मावशी आठ महिने पट्टा बांधून होत्या. खुर्चीतून उठताना त्या दोन्ही हात गुडघ्यांवर रोवत आणि श्वास रोखून धरत. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात, भीती वाढते आणि मज्जासंस्था साध्या वाकण्यालाही धोका समजू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला आहे आणि नेहमीच्या उपचारात पट्टा वापरू नये असे म्हटले आहे. मावशींनी रोज पाच मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली. दुखणे पूर्ण गेले नाही, पण ऑक्टोबर छाटणीला त्या पुन्हा मांडवाखाली उभ्या राहिल्या.

त्यांच्या चंचीत पानसुपारीशेजारी डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीची स्ट्रिप असे. हे औषध थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे वेगळे. महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात.

राहिली ‘फसवणूक’. प्रीगॅबालिन हे फिटचे औषध, किंवा ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही नैराश्याची औषधे प्रत्येक कंबरदुखीवर चालत नाहीत, पण मधुमेहात पायांची आग होते किंवा करंट लागल्यासारखे वाटते, तेव्हा ती नसांतून जाणारे वेदनेचे संदेश मंद करतात. ती लिहून दिली म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला वेडे ठरवले, असे मुळीच नाही. हा संदेश वाचून एका आजोबांनी अशी गोळी एका रात्रीत बंद केली आणि तळपायांची आग परतल्यामुळे आठवडाभर ते पाय ओल्या फडक्यावर ठेवून जागे राहिले. झोप येणे, चक्कर येणे असा त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. गोळी एकदम तोडू नये.